जिनिंगच्या स्टोअरमध्ये कानबान लावताय? या चुका टाळा

कापूस यायला लागला की वणी, पांढरकवडा, हिंगणघाटकडच्या जिनिंगमध्ये (कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांत) एकच ओरड: बेअरिंग संपलं! खोक्यांना कानबानची कार्डं लावलेली असतात, म्हणजे खोक्यातला माल वापरला की कार्ड काढायचं आणि तीच नव्या मालाची मागणी, तरी संपतं. दोष बहुतेक वेळा कार्डांच्या संख्येत असतो.

हिशेब असा: रोजचा खप गुणिले माल यायला लागणारे दिवस, त्यात राखीव मिळवा, खोक्यातल्या नगांनी भागा. समजा रोज ४ बेअरिंग, ५ दिवस, म्हणजे २०. निम्मी राखीव धरून ३०. खोक्यात १० नग, तर ३ कार्डं. अपूर्णांक आला तर वरचा आकडा घ्या.

आता रोजचे ४ आणायचे कुठून? वर्षाला ६०० लागले म्हणून ३६५ ने भागू नका. मशीन दिवाळीपासून मार्चपर्यंत जेमतेम १५० दिवस चालते. ३६५ ने भागलं तर २ च कार्डं निघतात. म्हणजे २० नग, नेमका ५ दिवसांचा खप. पार्सल एक दिवस लांबलं की गाळा बंद.

सगळ्यात जास्त फसगत होते ती दिवस मोजताना. नागपूरहून पार्सल रात्रीतून येतं, म्हणून १ दिवस धरतात. पण कार्ड रात्रपाळीच्या फिटरच्या खिशात राहतं, स्टोअरकीपरला सकाळी मिळतं, शेठची मंजुरी दुपारनंतर येते, दुकानदाराकडे तो नंबर नसतो, मध्येच रविवार येतो. कार्ड निघाल्यापासून नग फळीवर बसेपर्यंतचा सगळा काळ धरायचा. दोन्ही तारखा कार्डाच्या पाठीवर लिहा, महिनाभरात खरा आकडा समोर येईल. कानबान जिथे निघालं त्या टोयोटा कंपनीत राखीव फार कमी ठेवतात, पण तिथे पुरवठा ठरल्या वेळी होतो. आपल्याकडे ती नक्कल महागात पडते.

खोक्यातला पहिला नग काढतानाच कार्ड मागणीच्या डब्यात टाका. खोकं रिकामं झाल्यावर टाकायची पद्धत असेल, तर एक कार्ड जास्त लागेल.

सगळ्या मशीनचे रोलर एकाच आठवड्यात बदलणार असाल, तर ते कार्डांवर सोडू नका, वेगळी ऑर्डर द्या. मोठी मोटर, गिअरबॉक्स यांनाही कार्ड नको. एक नग जपून ठेवला की झालं.

आणि फेब्रुवारीतच कार्डं काढायला सुरुवात करा, ३ ची २, मग १. नाहीतर शेवटच्या ऑर्डरीचे रबरी पट्टे टिनाच्या शेडखाली एप्रिल-मेच्या उन्हात कडक होतात आणि पुढच्या हंगामात चढवल्यावर तडकतात.