खड्यांचं ब्रेसलेट निवडताना: आधी मनगट, मग रंग

ब्रेसलेट घ्यायला गेलेल्या माणसाची नजर सगळ्यात आधी रंगावर जाते. जांभळा ॲमेथिस्ट, फिकट गुलाबी रोझ क्वार्ट्झ, गडद निळा लाजवर्द असे सर शेजारी शेजारी टांगलेले दिसले की बाकी काही सुचतच नाही. माझा आग्रह मात्र उलट क्रमाचा आहे. अंगठीतल्या खड्याला कोंदणाचा आधार असतो, कानातल्याला सहसा कशाचा धक्का लागत नाही. मनगट मात्र दिवसभर टेबलाच्या कडेवर, गाडीच्या हँडलवर, ओट्यावर आपटत असतं. अंगावरच्या दागिन्यांत इतका मार क्वचितच दुसरा कुठला दागिना खातो. म्हणून आधी आपला दिवस, मग खड्याचा टणकपणा, मग माप आणि त्यानंतर रंग. या क्रमाने निवडलेलं ब्रेसलेट रोज हातात राहतं, डबीत पडून राहत नाही.

ज्योतिषाच्या सल्ल्याने रत्न घालणाऱ्यांचा खडा आधीच ठरलेला असतो, त्यांना इथलं माप, ओवणी आणि पारख एवढंच उपयोगी पडेल. बाकीचं आवड म्हणून घालणाऱ्यांसाठी आहे.

पायरी १: आपला हात दिवसभर काय करतो?

कागदावर लिहायची गरज नाही, पण एक सबंध दिवस डोळ्यांपुढे आणा. पुण्यात निम्मा दिवस दुचाकीवर जात असेल तर मनगट उन्हात आणि धुळीत असतं. ॲमेथिस्टचा रंग सततच्या कडक उन्हाने फिकट होतो, काही रोझ क्वार्ट्झचंही तसंच होतं. लोंबणारी पदकं, घुंगरू, गोंडे असलेलं ब्रेसलेट स्कार्फमध्ये आणि सनकोटाच्या बाहीत अडकतं, चालत्या गाडीवर ते धोक्याचंही आहे. कीबोर्डवर काम करणाऱ्यांना १० मिमीचे मणी मनगटाखाली टोचतात, त्यांनी ६ मिमीच्या वर जाऊ नये.

स्वयंपाकघरात वावर असेल तर आणखी काळजी. फिरोजा सच्छिद्र असतो, त्यात खोबरेल तेल आणि हळद मुरते आणि निळा रंग हिरवट, मळकट होत जातो. मोती, पोवळं, मॅलाकाइट यांना आंबट चालत नाही. लिंबू पिळताना, कोकम भिजवताना किंवा तांब्याची भांडी चिंचेने घासताना ही ब्रेसलेट हातात असली तर पृष्ठभागाची चकाकी जाते, कारण हे तिन्ही कार्बोनेट, म्हणजे आंबटाने झिजणारे पदार्थ आहेत. लाजवर्दातही कॅल्साइट हे कार्बोनेट थोडं असतं, त्यालाही हेच लागू.

ढोल-ताशा पथकात वाजवणाऱ्यांनी सरावाला जाताना मनगटं मोकळी ठेवावीत. टिपरूच्या प्रत्येक फटक्याचा हादरा मण्यांना आणि दोऱ्याला बसतो, आणि तुटलेले मणी रांगेतल्या दुसऱ्या वादकांच्या पायाखाली येतात.

पायरी २: टणकपणा पाहा

फ्रेडरिक मोहस या जर्मन खनिजतज्ज्ञाने १८१२ मध्ये खनिजांच्या टणकपणाची १ ते १० अशी श्रेणी मांडली. कोणतं खनिज कोणाला ओरखडा पाडतं एवढंच ती सांगते, पण ब्रेसलेट घेताना तेवढंच पुरेसं असतं. हिरा १०, माणिक आणि नीलम ९, पुष्कराज म्हणून विकला जाणारा टोपाझ ८. क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीच्या घराण्यातले स्फटिक, ॲमेथिस्ट, रोझ क्वार्ट्झ, टायगर आय, अकीक (ॲगेट) हे सगळे ७ च्या आसपास. मूनस्टोन आणि लॅब्रॅडोराइट ६ ते ६.५, फिरोजा ५ ते ६, लाजवर्द ५ ते ५.५, फ्लोराइट ४, मॅलाकाइट ३.५ ते ४. मोती आणि पोवळं त्याच्याही आसपास किंवा खाली.

यातला लक्षात ठेवायचा आकडा ७. रस्त्यावरच्या धुळीत आणि बांधकामाच्या वाळूत क्वार्ट्झचे बारीक कण असतात. त्यामुळे ७ पेक्षा मऊ खडा रोज बाहेर घातला की धूळच त्याला हळूहळू घासत राहते. रोजच्या वापरासाठी क्वार्ट्झ किंवा अकीक, आणि मऊ खडे लग्नाकार्याला, नाटकाला, घरच्या पूजेला, असा सरळ हिशेब ठेवावा. हातात घड्याळ असेल तर हेच उलट्या बाजूनेही पाहा. क्वार्ट्झचे मणी स्टीलच्या केसला आणि साध्या काचेला ओरखडे पाडतात, म्हणून ब्रेसलेट दुसऱ्या हातात. काचेच्या बांगड्यांशेजारीही दगडी मणी नकोत, बांगडी पिचकते.

इथे पुणेकरांसाठी थोडं विषयांतर करतो, कारण आपण ज्या दगडावर राहतो तोच रत्नखड्यांची खाण आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा काळा बेसॉल्ट तयार झाला. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आणि पुढे त्या पोकळ्यांमध्ये पाण्याबरोबर आलेली खनिजं स्फटिकरूपाने जमत गेली. वाघोलीच्या खाणींमध्ये सापडलेलं कॅव्हन्साइट हे झळझळीत निळं खनिज जगभरच्या संग्राहकांना पुण्याच्या नावाने माहीत आहे. पाषाणच्या टेकड्यांमधलं हिरवं ॲपोफिलाइटही तसंच नावाजलेलं. दोन्ही पाहून मन हरखतं, पण ब्रेसलेटसाठी दोन्ही अयोग्य. कॅव्हन्साइटचा टणकपणा ३ ते ४, ॲपोफिलाइटचा ४.५ ते ५, आणि ॲपोफिलाइट तर एका दिशेने सहज चिरफाळतं. ती काचेच्या कपाटात शोभतात. मनगटासाठी याच बेसॉल्टने दिलेला मजबूत खडा म्हणजे अकीक. गुजरातेत खंभातचे कारागीर त्याचे मणी पिढ्यान्‌पिढ्या घडवत आले आहेत. पहिलंच ब्रेसलेट घेत असाल तर मी अकीकच सुचवेन: टणक, स्वस्त, आणि पट्ट्यांची नक्षी प्रत्येक मण्यात वेगळी.

पायरी ३: माप घ्या

मनगटाच्या हाडाच्या जरा खाली, हाताकडे नव्हे तर कोपराकडे, सुती दोरा सैल न सोडता गुंडाळा, दोन टोकं जुळतात तिथे खूण करा आणि पट्टीवर मोजा. संध्याकाळी मोजावं, कारण दिवसभरात हात थोडा फुगतो. अंगाला बसतं हवं असेल तर त्यात अर्धा सेंटीमीटर, थोडं सैल हवं असेल तर एक ते दीड सेंटीमीटर मिळवा.

आता मण्याची जाडी. मणी जितका मोठा तितकी तो आतली जागा खातो, म्हणून जाड मण्यांच्या ब्रेसलेटची एकूण लांबी जास्त लागते. १६ सेंमी मनगटाला ८ मिमीचे साधारण २२ ते २३ मणी लागतात. १२ मिमीचे घेतले तर १६ ते १७, पण त्यांची ओवलेली लांबी २० सेंमीपर्यंत जाते. दुकानात फक्त "फ्री साइज" असं ऐकलं तर तिथेच घालून पाहा. इलॅस्टिक ताणून बसणारं ब्रेसलेट आपल्या मापाचं नसतं. ते हातावर वळ उठवतं आणि लवकर तुटतं.

बारीक मनगटाला ४ ते ६ मिमी, मध्यमाला ८, रुंद हाताला १० मिमी, हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो. पण एखाद्या बारीक हाताला एकच जाड मणी मधोमध आणि बाजूने बारीक मणी अशी मांडणीही फार सुंदर दिसते.

पायरी ४: आता रंग

कपाट उघडा आणि जे कपडे आपण खरोखर घालतो तेच बाजूला काढा. समारंभाचे नाही, आठवड्याचे. त्यात जो रंग वारंवार येतो त्याच्या जवळचा किंवा त्याला उठाव देणारा खडा निवडा. इंडिगो आणि पांढऱ्या सुती कुर्त्यांवर लाल अकीक किंवा तपकिरी टायगर आय खुलतो. करड्या-काळ्या कपड्यांवर लॅब्रॅडोराइट पाहा, एरवी तो राखाडी दिसतो आणि हात फिरला की त्यात निळी-हिरवी झाक चमकून जाते. फिकट गुलाबी, पिस्ता, आकाशी रंग आवडणाऱ्यांना रोझ क्वार्ट्झ किंवा मूनस्टोन. पैठणी किंवा नारायणपेठ नेसायची असेल तर काठाचा रंग धरा, साडीच्या अंगाचा नाही. काठच मनगटाशी येतो.

धातूही यात येतो. गळ्यात सोन्याचं मंगळसूत्र आणि हातात सोन्याच्या पाटल्या रोज असतील तर पिवळसर धातूचे मधले मणी आणि उबदार रंगाचे खडे, म्हणजे टायगर आय, लाल अकीक, गोमेद. स्टीलचं घड्याळ आणि चांदीचे दागिने असतील तर ॲमेथिस्ट, मूनस्टोन, लाजवर्द. हा काही शास्त्राचा नियम नाही, पण आपल्याला काय शोभतं ते अजून कळलं नसेल तर इथून सुरुवात करणं सोपं जातं.

पैलू पाडलेले मणी उजेडात चमचमतात आणि सणासुदीला छान दिसतात, गुळगुळीत मणी रोजच्यासाठी, आणि चकाकी नसलेले मॅट मणी पुरुषांच्या हाताला विशेष शोभतात. काळा मॅट अकीक साध्या पांढऱ्या सदऱ्यावर घालून पाहाच. एका ब्रेसलेटमध्ये तीनपेक्षा जास्त रंग घेऊ नयेत असं माझं मत आहे. सात रंगांचं ब्रेसलेट दुकानात मोहक दिसतं, पण घरी आल्यावर ते कशाबरोबर घालायचं हा प्रश्न उरतो.

पायरी ५: पारख करून घ्या

सुटे मणी घेऊन स्वतः ओवायचे असतील तर रविवार पेठ, फॅशन म्हणून स्वस्तात पाहायचं असेल तर तुळशीबाग, चांदीत मढवलेलं हवं असेल तर लक्ष्मी रस्त्यावरची सराफी दुकानं. चांदी असेल तर ९२५ चा, म्हणजे ९२.५ टक्के चांदीचा, शिक्का पाहा. सकाळी जा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली प्रत्येक खडा उबदार दिसतो, म्हणून सर दारापाशी नेऊन दिवसाच्या उजेडात पाहायचा. चांगला दुकानदार याला कधी नाही म्हणत नाही.

सरळ विचारा: "काका, हा नैसर्गिक आहे, रंगवलेला आहे की काच?" रंगवलेला असणं म्हणजे फसवणूक नव्हे, सांगून विकला तर. अकीक तापवून लाल करण्याची कला तर फार जुनी आहे. फसवणूक होते ती न सांगता विकण्यात, आणि काही नावं इथे ओळखून ठेवावीत. "ओपलाइट" ही काच आहे, मूनस्टोन नव्हे. तांब्याच्या कणांनी चमचमणारा "गोल्डस्टोन" हीदेखील काच, ती कधीकधी सनस्टोन म्हणून पुढे केली जाते. बाजारातलं बरंचसं सिट्रिन म्हणजे तापवलेलं ॲमेथिस्ट. स्वस्त फिरोजा बहुतेकदा रंगवलेला हाउलाइट, म्हणजे एक पांढरा दगड असतो. हिरवा ॲव्हेंचुरीन जेड म्हणून विकला जातो.

भिंग असेल तर मण्याच्या भोकाकडे पाहा. रंगवलेल्या मण्यात भोकाभोवती आणि चिरांमध्ये रंग गडद साचलेला दिसतो. काचेत गोल बुडबुडे दिसतात. सगळे मणी हुबेहूब एकसारखे असतील तर शंका घ्या. लाजवर्दात सोनेरी ठिपके आणि पांढऱ्या रेषा असणं स्वाभाविक आहे. गालाला मणी लावला तर दगड थंडगार लागतो आणि थंड राहतो, प्लास्टिक लगेच कोमट होतं. घरी आल्यावर ओल्या पांढऱ्या कापसाने आतली बाजू पुसा, रंग उतरला तर परत न्या. त्यासाठी बिलावर खड्याचं नाव आणि "नैसर्गिक" किंवा "रंगवलेला" असं लिहून घ्यायला विसरू नका. महागडं रत्न असेल तर प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागावंच. साध्या मण्यांच्या ब्रेसलेटसोबत येणाऱ्या छापील कार्डाला मात्र फार किंमत देऊ नये.

पायरी ६: ओवणी आणि निगा

इलॅस्टिकचं ब्रेसलेट घालताना बोटं जुळवून हातावरून लोळवत चढवा, ताणू नका. ६ ते ८ मिमीच्या मण्यांना ०.७ किंवा ०.८ मिमीचं इलॅस्टिक चालतं. घरी ओवत असाल तर गाठ मारण्याआधी ते दोन-चार वेळा ओढून घ्या, नाहीतर आठवड्याभरात ढिलं होतं आणि मण्यांमध्ये फटी दिसतात. गाठ शेजारच्या मण्याच्या भोकात सरकवून लपवावी. जड मण्यांना इलॅस्टिक पुरत नाही, त्यांना प्लास्टिकचं आवरण असलेली स्टीलची तार आणि टोकं अडकवायला आकडा हवा. भोकाची कड धारदार आहे का, हे सुती दोरा आतून ओढून कळतं. दोऱ्याचे तंतू निघाले तर तो मणी इलॅस्टिकही कापणार.

घाम, ऊन आणि अत्तर यांनी इलॅस्टिक कमजोर होतं. ते मळकट, चपटं किंवा ढिलं दिसू लागलं की तुटायची वाट न पाहता नव्याने ओवून घ्या. मंगळसूत्र गाठवून देणारे पटवेकरी हेही काम करून देतात. देण्यापूर्वी मणी मोजा, आणि जमलं तर त्याच सरातले दोन-तीन मणी खरेदीच्या वेळीच जास्तीचे घेऊन ठेवा, कारण पुढच्या सरात तीच छटा क्वचितच मिळते. क्वार्ट्झ आणि अकीक कोमट पाण्याने, साध्या साबणाने धुता येतात. फिरोजा, मोती, मॅलाकाइट फक्त मऊ कोरड्या कापडाने पुसायचे, आणि प्रत्येक ब्रेसलेट वेगळ्या कापडी पिशवीत ठेवायचं, म्हणजे टणक खडा मऊ खड्याला घासत नाही.