साप जेवत नाहीये: व्हेटकडे न्यायचं की शांत राहू द्यायचं?

नवीन साप पाळणाऱ्यांची पहिली घाबरगुंडी उडते ती साप जेवत नाही म्हणून. माझीही उडाली होती. माझ्या बॉल पायथनने (पाळला जाणारा छोट्या जातीचा अजगर) एकदा सव्वातीन महिने उंदराला तोंड लावलं नाही, मी रोज झाकण उघडून बघायचो, हात लावायचो आणि तो आणखी बिथरायचा. शेवटी वजन केलं तर १४५० ग्रॅमचं १४१० झालेलं, बस्स. मोठा झालेला बॉल पायथन महिनोन्महिने उपाशी राहू शकतो, त्यामुळे उपास किती दिवसांचा आहे यापेक्षा वजन किती उतरलं ते बघा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डब्यात बसवून आठवड्याला एकदा वजन करा आणि तारखेसकट वहीत लिहा. दहा टक्क्यांच्या आसपास उतरलं किंवा पाठीचा कणा वर दिसायला लागला तर मात्र व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. अगदी लहान पिल्लू असेल तर एवढीही वाट बघू नका, त्याच्या अंगात साठाच नसतो.

डोळे दुधाळ निळसर झाले, रंग फिका पडला, लपून बसलाय, तर तो कात टाकायच्या तयारीत आहे. अशा वेळी त्याला हातात घेऊ नका, खायला देऊ नका, फक्त ह्युमिडिटी वाढवा. कात तुकड्यातुकड्यांनी निघाली तर एका डब्यात ओलसर मॉस (शेवाळ) घालून त्याला त्यात बसू द्या, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. डोळ्यावरची कात राहिली असेल तर चिमट्याने ओढायचा मोह कृपा करून टाळा, डोळा कायमचा जाऊ शकतो. पुढच्या कातीलाही निघाली नाही तर व्हेटला काढू द्या.

जेवल्यावर मोठ्ठी जांभई देतो ते जबडा जागेवर बसवायला, आणि शीसोबत खडूसारखा पांढरा गोळा पडतो तो युरेट, म्हणजे सापाची घट्ट लघवी, दोन्ही नॉर्मल. खाल्लेलं एकदा उलटून टाकलं तर टेम्परेचर तपासा, दोन आठवडे काही देऊ नका, मग नेहमीपेक्षा लहान उंदीर द्या. परत उलटी झाली तर घरी प्रयोग करत बसू नका, व्हेट गाठा.

आता जिथे एक दिवसही थांबू नये असं. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाकातोंडाशी बुडबुडे, शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज, मान सतत वर धरून बसणं. सापाला आपल्यासारखा छाती-पोटामधला पडदा नसतो, त्याला खोकून कफ काढता येत नाही, म्हणून तो आतच साचतो आणि न्यूमोनिया होतो. हे आपोआप बरं होईल म्हणून वाट बघणारे लोक बघितले की जीव तुटतो. तसंच हिरड्यांवर दह्याच्या कवडीसारखा पू, हीट मॅटने (पेटीखालच्या गरम चटईने) भाजलेली कातडी (मॅटला थर्मोस्टॅट, म्हणजे उष्णता आपोआप आवरणारं यंत्र नसेल तर आजच लावा), जिवंत उंदराने चावलेली जखम, उलटा केल्यावर सरळ होता न येणं किंवा उगाच मान वाकडी करून वर बघत राहणं.

मागच्या बाजूने लाल मांसल भाग बाहेर आला असेल तर ती खरी इमर्जन्सी, तो सुकू देऊ नका, साखरेच्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने ओला ठेवून तसंच निघा.

व्हेट सरपटणाऱ्या प्राण्यांचं काम करतो का हे फोनवर आधीच विचारा, आणि ते आजच, साप ठणठणीत असताना. जाताना सापाला उशीच्या अभ्र्यात घालून अभ्र्याचं तोंड बांधा, तो अभ्रा भोकं पाडलेल्या डब्यात ठेवा, ताजी शी मिळाली तर पिशवीत घ्या, श्वासाच्या आवाजाचा व्हिडिओ काढून ठेवा कारण टेबलावर ठेवल्यावर तो आवाज नेमका बंद होतो. आणि ती वजनाची वही घ्यायला विसरू नका, आमच्या डॉक्टरांनी सापाच्या आधी तीच मागितली होती.