बोल्टने जोडायची स्टेनलेस स्टीलची टाकी: पहिला पत्रा येण्याआधीची तयारी

मोठ्या साठवणुकीच्या टाकीसाठी दरपत्रके मागवण्याआधी, त्या टाकीत जे पाणी राहणार आहे त्याचा प्रयोगशाळेतील तपासणी अहवाल हातात असावा. स्टेनलेस स्टील गंजत नाही हा समज अर्धाच खरा आहे. या धातूतील क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि ओरखडा पडला तरी प्राणवायू मिळताच तो पुन्हा भरून येतो. मात्र पाण्यातील क्लोराइड, म्हणजे मिठासारख्या क्षारांतला घटक, हा थर फोडू शकते आणि जिथे प्राणवायू पोचत नाही अशा फटीत तो पुन्हा धरत नाही. बोल्टच्या टाकीत अशा फटी शेकड्यांनी असतात: प्रत्येक वॉशरखाली, प्रत्येक गॅस्केटच्या कडेला आणि एका पत्र्यावर दुसरा चढतो तिथे. म्हणून ग्रेडची, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या प्रतीची, निवड सपाट, चकचकीत पत्र्याकडे पाहून नव्हे, तर या सांध्यांकडे पाहून करावी. साध्या तापमानाच्या पाण्यासाठी रूढ मार्गदर्शक मर्यादा अशी, की क्लोराइड प्रतिलिटर २०० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर ३०४ ग्रेड चालते, त्यापुढे साधारण १,००० मिलिग्रॅमपर्यंत मॉलिब्डेनम असलेली ३१६ लागते आणि पाणी याहून खारे असेल तर २२०५सारख्या, क्लोराइडला अधिक दाद न देणाऱ्या डुप्लेक्स ग्रेडकडे वळावे लागते. एकाच नमुन्यावर विसंबू नये. ऋतूनुसार आणि स्रोतानुसार क्लोराइड बदलते, तेव्हा हाती आलेल्या आकड्यांपैकी सर्वांत वाईट आकडा धरावा.

याच अहवालात मुक्त क्लोरीनचे प्रमाणही पाहावे. सतत राहणारे क्लोरीन ३०४ साठी सुमारे २ आणि ३१६ साठी सुमारे ५ मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत असावे असे मानले जाते, पण खरी अडचण पाण्याखाली नसते. पाण्यातून निघालेली क्लोरीनची वाफ छताच्या आतल्या बाजूला दवासारखी जमते आणि तिथे धातू धुऊन निघत नाही, त्यामुळे पहिले तपकिरी डाग बहुधा जलपातळीच्या वरच दिसतात. खालचे पत्रे ३०४ चे ठेवायचे असले, तरी सर्वांत वरची ओळ, छत आणि तिथले बोल्ट ३१६ चे मागावेत असे माझे मत आहे.

क्षमतेचा आकडा लिहिताना एकूण आणि उपयुक्त अशा दोन्ही क्षमता लिहाव्यात. १० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ४ मीटर उंच टाकी कागदावर ४०० घनमीटरची असते, पण वर ३०० मिलिमीटर मोकळी जागा आणि खाली निर्गम नळाखालचे २०० मिलिमीटर वजा केले की वापरण्याजोगे ३५० घनमीटरच उरतात. अग्निशमनासाठी राखीव साठा त्याच टाकीत ठेवायचा असेल, तर तो याच उरलेल्या पाण्यातून बाजूला काढावा लागतो.

आकार गोल की चौकोनी हे जागेवरून ठरते, पण त्यामुळे बदलणारा भार तयारीतच समजून घ्यावा. गोल टाकीत पाण्याचा दाब पत्र्याला परिघाच्या दिशेने ताणतो: ५ मीटर खोलीवर दाब सुमारे ४९ किलोपास्कल असतो आणि टाकीचा व्यास १० मीटर असेल तर तळाजवळ उंचीच्या प्रत्येक मीटरमागे सुमारे २५ टनांची ओढ येते. खालच्या ओळीचे पत्रे वरच्यांपेक्षा जाड का असतात आणि उभ्या सांध्यात बोल्टच्या रांगा का वाढतात, हे यावरून कळते. चौकोनी टाकीत सपाट भिंत बाहेर फुगू पाहते, म्हणून आतून ताणदांडे किंवा कोनी आधार द्यावे लागतात. ते कायम पाण्यात असतात, तेव्हा त्यांची ग्रेड पत्र्यापेक्षा हलकी नसावी. साफसफाईच्या वेळी पुरवठा थांबू नये म्हणून मधली भिंत घालायची असेल, तर एक कप्पा भरलेला आणि दुसरा रिकामा या स्थितीसाठी ती मोजलेली असल्याची लेखी खात्री घ्यावी.

पायाचे काम सर्वांत जास्त वेळ खाते आणि सर्वांत कमी लक्ष मिळवते. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन, त्यामुळे ५ मीटर खोलीची टाकी जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर ५ टन टाकते, आणि हा भार टाकी भरताना व रिकामी होताना सतत बदलत राहतो. मातीची तपासणी टाकी व्यापणार असलेल्या पूर्ण जागेखाली झालेली असावी. एका कोपऱ्यात भराव आणि दुसऱ्यात कठीण मुरूम असेल तर जमीन सारखी दबत नाही, पत्रे पिळले जातात आणि कितीही चांगले गॅस्केट असले तरी सांधा उघडतो. काँक्रीटला त्याच्या २८ दिवसांच्या अपेक्षित ताकदीपर्यंत येऊ द्यावे आणि उभारणीच्या आदल्या आठवड्यात लेव्हल यंत्राने परिघावर ठरावीक अंतराने वाचने घेऊन ती पुरवठादाराच्या नकाशात दिलेल्या चालण्याजोग्या फरकाशी ताडावीत. चुकलेली पातळी नंतर पत्रा ओढून जुळवता येत नाही. भोके आधीच पाडलेली असतात. चौकोनी टाकी ठेंगण्या भिंतींवर बसणार असेल तर तळाचे सांधे त्या भिंतींच्या तुलनेत कुठे येतात ते नकाशावर तपासावे आणि चारही बाजूंना पाना फिरेल व माणूस वाकून काम करेल एवढी, माझ्या मते निदान ६०० मिलिमीटर, जागा सोडावी.

नळजोडांची ठिकाणे कारखान्यात पत्रा कापण्याआधीच पक्की करावीत. प्रवेश आणि निर्गम एकमेकांसमोर असावेत, म्हणजे कोपऱ्यात पाणी साचून राहत नाही. ओव्हरफ्लोची वहनक्षमता प्रवेशापेक्षा कमी नसावी. हवेच्या मार्गाकडे मात्र दुर्लक्ष होते: पंप ताशी २०० घनमीटर पाणी ओढत असेल, तर तेवढीच हवा आत यावी लागते, आणि कीटकांसाठीची जाळी धुळीने बुजली तर पातळ छत आत ओढले जाते. १० मीटरची टाकी ३० अंशांच्या तापमानफरकात सुमारे ५ मिलिमीटर लांबते, म्हणून बाहेरचे नळ लवचीक जोडाने जोडावेत. ते साध्या पोलादाचे असतील तर दोन धातूंमध्ये विद्युतरोधक गॅस्केट आणि बोल्टभोवती रोधक नळ्या घालाव्यात.

माल उतरवण्याची जागा स्वच्छ असावी आणि पत्रे लाकडी पट्ट्यांवर ठेवावेत. शेजारी साधे पोलाद कापण्याचे काम चालू असेल तर ते आधी हलवावे, कारण उडालेले लोखंडी कण स्टेनलेसवर बसून गंजतात आणि दोष पत्र्यावर येतो. ग्राइंडरच्या चकत्या व तारांचे ब्रश वेगळे ठेवावेत आणि काँक्रीटचे डाग काढायला मीठआम्ल (हायड्रोक्लोरिक आम्ल) जवळही आणू नये. पत्र्यावरची संरक्षक प्लास्टिक फिल्म नंतर काढू म्हणून उन्हात राहिली, की तिचा चिकटा पत्र्यावर बसतो आणि मग ती नखांनी सोलत बसावी लागते.

बोल्ट मोजून, पेटी उघडून पाहावेत. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर वेगाने फिरवला तर आटे एकमेकांत रुततात आणि कापण्याशिवाय इलाज राहत नाही. म्हणून जॅम-रोधक पेस्ट, टॉर्क रेंच आणि सावकाश हात हे तिन्ही लागतात, आणि आत वापरायची पेस्ट, गॅस्केटचे ईपीडीएम रबर व सीलंट पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाणित असावेत. रबर दाबाखाली हळूहळू बसते, त्यामुळे पहिल्या भरणीआधी सगळे बोल्ट दुसऱ्यांदा तपासण्याचा दिवस वेळापत्रकात घालावा. अर्धवट उभी गोल टाकी वाऱ्यात फार दुबळी असते. संध्याकाळी काम थांबवताना तिला कशाने बांधायचे हे सकाळीच ठरलेले असावे.

चाचणीचे पाणी कुठून येणार आणि नंतर कुठे जाणार, याची तजवीज शेवटच्या दिवसावर टाकू नये. चाचणीसाठी स्वस्तात मिळालेले खारे पाणी वापरणे म्हणजे ग्रेडची निवडच रद्द करणे होय. भरणी टप्प्याटप्प्याने करावी, प्रत्येक टप्प्यावर पायाची पातळी पुन्हा मोजावी आणि पूर्ण भरल्यावर निदान २४ तास सांधे न्याहाळावेत. चाचणी संपल्यावर पाणी तसेच पडून राहिले तर त्यात वाढलेले जिवाणू तळाच्या सांध्यांत खड्डे पाडू शकतात, म्हणून टाकी लगेच रिकामी करून पुसून कोरडी करावी. निर्जंतुकीकरणाच्या तीव्र क्लोरीन द्रावणाचीही वेळ मोजूनच द्यावी आणि ती संपताच छतासह सर्व भाग स्वच्छ पाण्याने धुवावा. धुण्यासाठी लागणारा नळ, पंप आणि आत उतरण्याआधी प्राणवायू मोजण्याचे यंत्र त्या दिवशी जागेवर हजर असावे.