चिनी येतं आणि विश्लेषक व्हायचंय? मग या चुका टाळा

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बायोडेटांत पहिल्याच ओळीत ‘एचएसके पाच उत्तीर्ण’ असतं, म्हणजे चिनी भाषेच्या अधिकृत परीक्षेची पाचवी पातळी. भाषेचं काम झालं, आता नोकरी तेवढी शोधायची, असा पुढचा सूर. मी चिनी कागद वाचून कंपन्यांसाठी टिपणं लिहिते आणि नव्या मुलांची टिपणं तपासते. मुलं हुशार असतात, भाषा मेहनतीने शिकलेली असतात, आणि तरीही त्याच त्या चुका वर्षानुवर्षं करत राहतात. म्हणून जीव तुटतो.

कागद कोणता आहे हे न बघता मजकूर वाचायला घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. शासन निर्णय वेगळा, परिपत्रक वेगळं, अधिसूचना वेगळी आणि हरकती-सूचनांसाठी काढलेला मसुदा वेगळा, हे आपल्याकडे सरकारी कचेरीत चार खेटे घातलेल्या कुणालाही कळतं. चिनी कागद हातात आला की मात्र हे भान सुटतं आणि ‘चीनने निर्णय घेतला’ असं लिहून मुलं मोकळी होतात.

४ एप्रिल २०२५ रोजी चीनच्या वाणिज्य मंत्रालयाने आणि सीमाशुल्क प्रशासनाने मिळून १८ क्रमांकाची अधिसूचना काढली. समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि इट्रियम या सात रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा) मूलद्रव्यांचा माल त्याच दिवसापासून निर्यात नियंत्रणाखाली आला. चाकण पट्ट्यातल्या एका सुट्या भागांच्या कारखान्याला त्यांच्या सल्लागाराकडच्या नवख्या विश्लेषकाने लगोलग टिपण पाठवलं: चीनने रेअर अर्थ चुंबकांची निर्यात बंद केली. टिपण चार ओळींचं. मूळ कागद त्याने उघडला होता, पण वाचला तो भाषांतराच्या ॲपमधून, आणि तोही बातमीचा मथळा डोक्यात पक्का बसल्यावर.

खरेदी विभागाने मग कुणीही केलं असतं तेच केलं. बाजारात मिळेल त्या भावाने, मिळतील ती सगळी चुंबकं उचलली. ते टिपण माझ्यासमोर आलं तेव्हा मे महिना संपत आला होता. मी मूळ अधिसूचना काढून बसले. तिच्यात बंदी कुठेच नव्हती. निर्यातदाराने परवाना घ्यावा, असं होतं. चुंबकांपैकी यादीत होती ती समेरियम-कोबाल्टची, आणि टर्बियम किंवा डिस्प्रोसियम मिसळलेली निओडिमियम-लोह-बोरॉनची. नुसतं निओडिमियम त्या यादीत नव्हतंच. टर्बियम आणि डिस्प्रोसियम मिसळतात ते चुंबकाने उष्णतेत ताकद टिकवावी म्हणून, म्हणजे मुख्यतः मोटरसाठी. कारखान्याने घाबरून घेतलेल्या मालापैकी बराचसा भाग यादीत बसत नव्हता.

पैसे गेले ते गेले. खरा घात वेळेने केला. चिनी नियमांनुसार अर्ज दाखल करून घेतल्यापासून ४५ कामकाजाच्या दिवसांत परवान्याचा निर्णय द्यायचा असतो, आणि त्याआधी माल शेवटी कोण वापरणार याचं प्रमाणपत्र आपल्या बाजूने तयार करावं लागतं. ‘बंद’ हा शब्द वाचल्यावर निर्यातदाराला अर्ज करायला कोण सांगेल? ज्यांनी मूळ कागद नीट वाचला ते एप्रिलमध्येच रांगेत लागले. हा कारखाना जूनमध्ये लागला.

तेव्हापासून माझ्या टेबलावर एक नियम आहे. चिनी सरकारी कागद आला की मजकूर झाकायचा. आधी वहीत पाच गोष्टी लिहायच्या: कुणी काढला, क्रमांक काय, तारीख काय, लागू कधीपासून (हे बहुधा अगदी शेवटी असतं), आणि अंतिम आहे की मसुदा. मग जोडलेली यादी वाचायची, आणि मजकूर सगळ्यात शेवटी. नव्या मुलांना हे वेळखाऊ वाटतं. त्यांना तासाभरात निष्कर्ष हवा असतो. माझं मत स्पष्ट आहे: ज्याला ही दहा मिनिटं जड जातात त्याने या कामात येऊ नये.

अंतिम की मसुदा, हे किती महत्त्वाचं आहे ते २२ डिसेंबर २०२३ ला सगळ्या बाजाराने पाहिलं. ऑनलाइन गेमच्या खर्चावर मर्यादा घालणारा मसुदा चीनच्या प्रकाशन प्रशासनाने हरकतींसाठी ठेवला, आणि हाँगकाँगच्या बाजारात त्या एका दिवसात गेम बनवणाऱ्या चिनी कंपन्यांपैकी टेन्सेंटचा शेअर सुमारे १२ टक्के, तर नेटईझचा सुमारे २५ टक्के पडला. महिनाभराने, हरकतींची मुदत संपताच, तो मसुदा संकेतस्थळावरून नाहीसा झाला. ज्यांनी ‘नियम आला’ असं लिहिलं होतं त्यांच्याकडे दाखवायला कागदही उरला नाही. म्हणून आणखी एक सवय: पान उघडलं की त्याच दिवशी त्याची प्रत जतन करायची, तारखेसकट. सीएनकेआय या मोठ्या चिनी ऑनलाइन संशोधन-संग्रहातले प्रबंध आणि सांख्यिकी वार्षिकं १ एप्रिल २०२३ पासून परदेशी वाचकांना मिळेनाशी झाली, तेव्हा ज्यांनी उतरवून ठेवलं होतं त्यांचंच काम चालू राहिलं.

आकडे इंग्रजीतून फिरवून आणणं

चिनी मोजणी दहा हजारांवर चालते. दहा हजार म्हणजे एक वान, दहा कोटी म्हणजे एक यी. आपली मुलं याचं आधी मिलियन करतात, मग बिलियन, मग रुपयांत आणताना कोटी. आणि या फेऱ्यात एखादं शून्य सांडतं. मराठी माणसाला या वळशाची गरजच नाही. दहा वान म्हणजे एक लाख, हजार वान म्हणजे एक कोटी, आणि वान-यी म्हणजे थेट एक लाख कोटी. २०२४ साली चीनचं सकल उत्पादन १३४.९ वान-यी युआन होतं; ते १३४.९ लाख कोटी युआन असं सरळ वाचता येतं.

धान्य आणि कापसाच्या बाजाराचं काम करणाऱ्यांना आणखी एक खड्डा आहे. शेतमालाचे चिनी आकडे बरेचदा ‘चिन’मध्ये असतात, आणि एक चिन म्हणजे अर्धा किलो. २०२४ चं धान्य उत्पादन १.४१३ लाख कोटी चिन, म्हणजे ७०.६५ कोटी टन. किलो समजून वाचलं तर आकडा दुप्पट होतो, आणि मुंबईत बसलेला व्यापारी त्या दुपटीवर सौदा ठरवतो. मी प्रत्येक आकड्याशेजारी समासात एकक पेन्सिलीने लिहिते. हे संगणकावर करू नका. हाताने लिहिताना नजर थांबते.

मालिका न बघता टक्के लिहिणं

आकडा गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी ताडलेला आहे की मागच्याच महिन्याशी, हे बघा. जानेवारी-फेब्रुवारीचे बरेच आकडे एकत्र येतात, कारण वसंतोत्सवाची सुट्टी दर वर्षी हलते; फक्त फेब्रुवारी वेगळा काढून वाढ दाखवू नका. तरुणांच्या बेरोजगारीचा आकडा जून २०२३ मध्ये २१.३ टक्के होता, ऑगस्टपासून प्रसिद्ध होणं थांबलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थ्यांना वगळून नव्या पद्धतीने १४.९ टक्के असा परत आला. या दोन आकड्यांमध्ये रेघ ओढून ‘बेरोजगारी घटली’ असं लिहिलेलं टिपण मी परत पाठवते.

फक्त भाषेवर नोकरी मागणं

एचएसकेच्या जुन्या रचनेत पाचव्या पातळीला २,५०० शब्द धरलेले आहेत. येणी, घसारा, बुडीत कर्जाची तरतूद हे शब्द त्यात शिकवत नाहीत, आणि चिनी कंपनीचा वार्षिक अहवाल याच शब्दांवर उभा असतो. दुभाष्याचं काम वेगळं, विश्लेषकाचं वेगळं. रांजणगाव-चाकणच्या चिनी कारखान्यांत दुभाष्याला बोलीवर मान मिळतो. विश्लेषकाला विचारतात की भाषेशिवाय तुला काय कळतं.

म्हणून बी.कॉम. झालेल्यांनी ते बायोडेटाच्या तळाशी लपवू नये. हिशेब कळणारा चिनी वाचक बँकांना ग्राहक-पडताळणीसाठी हवा असतो, रसायनशास्त्र कळणारा पेटंटच्या शोधासाठी. दिल्लीतली इन्स्टिट्यूट ऑफ चायनीज स्टडीज किंवा बेंगळुरूची तक्षशिला यांसारख्या अभ्याससंस्थांमध्ये जायचं तर चिनी सरकारी भाषा रोज वाचण्याची चिकाटी लागते. पहिल्याच वर्षी सीमाप्रश्नावर लिहायची घाई असलेले अर्जदार मला पुष्कळ भेटतात. त्यांनी आधी बॅटरी, औषधांचा कच्चा माल किंवा सौर पॅनेल, असा एक रूक्ष उद्योग वर्षभर धरावा.

आणखी काही, थोडक्यात

पारंपरिक चिनी लिपी टाळू नका. गुजरातमधल्या ढोलेराचा चिप कारखाना टाटांनी तैवानच्या पीएसएमसी या चिप कंपनीबरोबर हाती घेतला आहे आणि तैवानचे कागद त्याच लिपीत असतात. तैवानच्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या मागच्या महिन्याची विक्री दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत जाहीर करतात. असा नियमित आकडा फुकट मिळत असताना तो न वाचणं हा आळस आहे.

तैवानच्या कागदावर ११३ साल दिसलं तर त्यात १९११ मिळवा. शक संवतात आपण ७८ मिळवतो तसंच.

भाषांतराचं ॲप दुसऱ्यांदा वाचताना वापरा, पहिल्यांदा कधीच नाही.

‘आतली माहिती’ मिळवायला चीनमधल्या ओळखीच्यांना फोन करू नका. तिथला सुधारित हेरगिरीविरोधी कायदा १ जुलै २०२३ पासून लागू आहे आणि त्याची व्याप्ती मोठी आहे. तुमच्या कुतूहलाची किंमत तिथला माणूस मोजेल. उघड प्रसिद्ध झालेल्या कागदांतच आयुष्यभर पुरेल इतकं काम आहे.

मुलाखतीला येताना प्रमाणपत्रांची फाइल नको. दोन पानांचं एकच टिपण आणा. चीनमधल्या शेनचेनच्या शेअर बाजारात नोंदलेल्या एखाद्या कंपनीचा ताजा वार्षिक अहवाल घ्या, ते ३० एप्रिलपर्यंत प्रसिद्ध होतात. टिपणातल्या प्रत्येक आकड्यापुढे मूळ अहवालाचं पान लिहा, आणि ती मूळ पानं सोबत छापून आणा.