मूल दत्तक घेताय? खोली नंतर सजवा

पाळणा, भिंतीचा रंग, खेळणी हे सगळं शेवटच्या आठवड्यातही उरकतं, त्याचं टेन्शन घेऊ नका. आधी दोघांनी एकदा बसून खरं खरं बोला. एकाला मूल हवंय आणि दुसरा नुसता मान डोलावतोय असं असेल तर तिथेच थांबा. स्वतःचं मूल झालं नाही याचं दुःख अजून ओलं असेल, ट्रीटमेंट चालूच असेल, तर अर्ज थोडा पुढे ढकला, कारण येणारं मूल हे कुणाच्या तरी बदली येत नसतं.

होम स्टडी, म्हणजे मूल देण्याआधी सोशल वर्कर घरी येऊन तुमची माहिती घेतात ती भेट, तिचं नाव काढलं की लोक घर घासायला घेतात 😄 सोशल वर्कर कपाटावरची धूळ बघायला येत नाही हो. तुम्ही कसे वाढलात, भांडण झालं की कोण अबोला धरतं, दोघांनाही कामावर जायचं असेल तर मूल कोण बघणार, असले प्रश्न येतात. आधी डिप्रेशनची गोळी चालू होती तर सांगून टाका, लपवलेलं नंतर बाहेर आलं तर जास्त महागात पडतं.

मुलाची मेडिकल फाइल हातात आली की आपणच वाचून घाबरायचं नाही आणि आपणच खूशही व्हायचं नाही, मुलांच्या डॉक्टरला दाखवायची. वजन, उंची, डोक्याचा घेर यांचे एकाच दिवसाचे आकडे फारसं काही सांगत नाहीत, दोन-तीन तारखांचे मागा म्हणजे ग्रोथ चार्टवर रेष वर चाललीय का ते कळतं. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, दीड वर्षाच्या आतल्या बाळाची एचआयव्ही अँटिबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी त्या अँटिबॉडी आईकडून आलेल्या असू शकतात, त्यामुळे थेट विषाणूच शोधणारी पीसीआर टेस्ट झालीय का ते विचारा. घरी आल्यावर रक्ताच्या तपासण्या पुन्हा करून घ्या आणि लसीकरणाच्या नोंदी डॉक्टरकडून तपासून घ्या.

अनाथाश्रमासारख्या संस्थेत राहिलेलं मूल बोलण्या-चालण्यात मागे असतं बऱ्याचदा. रोमानियात बुखारेस्टला 2000 साली 136 मुलांवर एक मोठा अभ्यास सुरू झाला, त्यात कुटुंबात गेलेली मुलं संस्थेत राहिलेल्यांपेक्षा पुढे गेलेली दिसली, आणि जी साधारण दोन वर्षांची व्हायच्या आत गेली ती तर जास्तच. म्हणजे मागे असणं हा काही शेवटचा निकाल नाही, पण वेळ लागतो, कधी कधी खूप लागतो.

भेटायला जाल तेव्हा फोटो कमी काढा आणि सांभाळणाऱ्या ताईंना जास्त विचारा. कुशीवर झोपतं की पालथं, दिवा लागतो का, कोणतं गाणं म्हणता, साबण कुठला, घाबरलं की काय करतं. तिथली चादर किंवा दुपटं मागून आणा आणि प्लीज ते धुवू नका, मळकट दिसलं तरी नको. त्या मुलासाठी ओळखीचा वास तेवढा एकच उरलेला असतो. उलटही करता येतं, दोन रात्री वापरलेला आपला टीशर्ट आधीच तिकडे पाठवायचा.

पहिले काही आठवडे घर लहान ठेवा. पार्टी नको. भरवणं, शू-शी, अंघोळ, झोपवणं हे फक्त तुम्ही दोघांनीच करायचं, नातेवाईकांनी डबा आणावा, भांडी घासावी, पण उचलून घेऊ नये, आणि हे त्यांना मूल यायच्या आधीच सांगा कारण नंतर दारात सांगितलं की रुसवेफुगवे होतात. "किती गोड, कुणाकडेही जातं!" असं कुणी म्हटलं तर कौतुक करत बसू नका, कुणाकडेही जाणारं मूल अजून आपलं माणूस कोण ते ठरवतंय. अजिबात न रडणारं बाळ पण तसंच, रडून कुणी येत नाही हे ते शिकलेलं असू शकतं, म्हणून नाही रडलं तरी रात्री उठून जा. उशीखाली बिस्किटं लपवलेली सापडली तर ओरडू नका, त्याच्या हाताला येईल असा एक छोटा डबा पलंगाशी ठेवा आणि रिकामा झाला की काही न बोलता भरा. त्याला हिशोब मागायचा नाही.

दत्तक असल्याचं सांगायचं कधी? पहिल्या दिवसापासून. त्याला कळत नसतं तेव्हा सांगायचं म्हणजे निदान आपली तरी जीभ अडखळायची थांबते. साधारण सहा-सातव्या वर्षी "म्हणजे मला कुणीतरी सोडलं" हे त्याच्या डोक्यात येतं आणि प्रश्न नव्याने सुरू होतात. "तिचं तुझ्यावर प्रेम होतं म्हणून तिने तुला दिलं" हे वाक्य ऐकायला छान वाटतं, पण मूल लगेच पुढचा विचार करतं, प्रेम तर तुमचं पण आहे, मग तुम्ही पण देणार का? त्यापेक्षा जेवढं माहीत आहे तेवढंच साधं सांगा. "खरी आई कोण" असं कुणी विचारलं तर जन्म देणारी आई हा शब्द वापरायचा. आणि "नशीबवान आहे हो पोर" म्हणणाऱ्यांना तिथल्या तिथे थांबवायचं, पोराच्या कानावर उपकाराची भाषा पडायला नको.

शेवटचं तुमच्याबद्दल. मूल घरी आलं आणि माया वाटेचना, नुसता थकवा आणि रडू, असं होतं. दत्तकानंतरही डिप्रेशन येतं, बाळंतपण झालेलं नसलं तरी. सुट्टी दोघांचीही काढता आली तर काढा, पण एकदम नको, थोडी पाठोपाठ ठेवा. आणि एका काउन्सेलरचा नंबर आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा, रात्री तीन वाजता कडेवर मूल असताना शोधाशोध होत नाही.