खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी टेस्ट किट घेताय? या चुका टाळा

आठवड्याला एकदा तरी मोबाइलवर फोटो येतो आणि खाली प्रश्न असतो, 'दादा, कोरल मिटून बसलंय, काय टाकू?' मी विचारतो, खारटपणा किती, केएच (पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची ताकद) किती? उत्तर ठरलेलं: 'पाणी एकदम काचेसारखं आहे.' अहो, अमोनिया भरलेलं पाणीही काचेसारखंच दिसतं.

सुरुवातीलाच सगळ्या टेस्टची मोठी पेटी उचलू नका. नवा टँक सायकल होईपर्यंत, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात रुजेपर्यंत, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि खारटपणा एवढंच मोजायचं असतं. कॅल्शियम, मॅग्नेशियमच्या बाटल्या दगडी कोरल आणेपर्यंत मुदत संपून कपाटात पडतात. गोल्डफिशच्या वेळचं जुनं किटही पुरेसं नाही. समुद्राचा पीएच ८.१ ते ८.३ च्या आसपास, त्याला हाय रेंज पीएच टेस्ट लागते. काही किटमध्ये रसायन तेच चालतं, पण रंगाचा तक्ता खाऱ्या पाण्यासाठी वेगळा असतो.

आता केएचचं. ही चूक माझीच आहे, म्हणून जरा लांबण लावतो. माझं किट ६ दाखवत होतं. ८ हवा म्हणून चार दिवस बफर (केएच वाढवणारी पावडर) टाकला, किट ८ वर आलं, मी खूश. दोन दिवसांनी अक्रोपोराची (एक नाजूक दगडी कोरल) टोकं पांढरी पडायला लागली. मित्राचं किट आणून तेच पाणी तपासलं, तर १२! माझ्या बाटलीचं टोपण कित्येक महिने धड बसलेलंच नव्हतं. या टेस्टमध्ये रंग बदलेपर्यंत थेंब थेंब आम्ल टाकायचं असतं. बाटलीतलं पाणी उडून आम्ल कडक झालं की कमी थेंबांतच रंग बदलतो, आकडा कमी येतो. म्हणजे मी बफरचा पहिला चमचा टाकला तेव्हाच केएच ९ होता. काहीच टाकायची गरज नव्हती! तेव्हापासून एका आकड्यावर मी काहीही टाकत नाही. दुसऱ्या कंपनीचं किट किंवा ठरावीक केएचचं रेफरन्स सोल्यूशन वापरून आधी ताळा करतो. आणि खरंच वाढवायचा असला, तरी दिवसाला १ च्या वर नाही. एका रात्रीत सगळं सुधारायची घाई असणाऱ्यांनी गप्पी पाळाव्यात.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे नायट्रेटची बाटली न हलवणं. 'नायट्रेट शून्य आहे' असं कुणी छाती फुगवून सांगितलं की मी पहिल्यांदा हेच विचारतो. एपीआय कंपनीच्या किटमधली दुसरी बाटली ३० सेकंद जोरात हलवायची, मग ट्यूब पूर्ण एक मिनिट, मग ५ मिनिटं थांबायचं. बाटलीत जस्ताची पूड तळाला बसलेली असते. नायट्रेटचं नायट्राइट तीच करते, तेव्हाच रंग येतो. न हलवता थेंब टाकले की पूड बाटलीतच राहते आणि सगळ्यांचा टँक शून्यावर! मी बाटली आधी टेबलावर आपटतो, मग घड्याळ लावतो. 'अंदाजे' म्हणणाऱ्यांचे ३० सेकंद माझ्या मोजणीत दहा भरतात.

बाकीच्या चुका पटापट. रंग निळ्या रीफ लाइटखाली वाचू नका, खिडकीपाशी जा. पाण्यात बुडवायच्या कागदी टेस्ट स्ट्रिप्स कोरलच्या टँकसाठी बिनकामाच्या. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) डिस्टिल्ड पाण्यावर नाही, ३५ पीपीटी (हजारी ३५ भाग) खारटपणाच्या द्रावणावर सेट करा. टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटर टँकमध्ये बुडवायचं नसतं, ते आरओचं पाणी तपासायला. आणि घरच्या प्युरिफायरला टीडीएस कंट्रोलर असेल तर तो आरओच्या पाण्यात कच्चं पाणी मिसळतोय, मग टँकचं मीठ कितीही भारी आणा, उपयोग नाही.

हॅना कंपनीचा अल्ट्रा लो फॉस्फरस चेकर (आकडा दाखवणारं छोटं मीटर) घेतलात तर आकडा फॉस्फेटचा नसतो, फॉस्फरसचा असतो आणि पीपीबीमध्ये, म्हणजे पीपीएमच्या हजाराव्या भागात. त्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागा. म्हणजे स्क्रीनवर १० आलं तर फॉस्फेट साधारण ०.०३ पीपीएम. माझ्या ओळखीतल्या दोघांनी १० बघूनच फॉस्फेट काढणारं मीडिया ओतलं होतं.

पावसाळ्यात टेस्टच्या पावडरच्या डब्यांत दमट हवेने गठ्ठे होतात. मी सगळी किटं सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवतो आणि प्रत्येक बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करने लिहितो. टोपण दोनदा तपासतो, ते का हे वर आलंच आहे.