फेटा बांधा, पण डोकं तेवढंच राहू द्या: शूटर गेममधल्या पात्रांना पोशाख देताना

शूटर गेममधल्या पात्राला फेटा द्या, घोंगडी द्या, पल्लेदार मिशा द्या, काय हवं ते द्या. अट एकच. समोरचा कुठल्या बाजूचा आहे, त्याच्या हातात काय आहे आणि त्याचं डोकं कुठं आहे, हे साध्या पोशाखात जितक्या लवकर कळतं तितक्याच लवकर नव्या पोशाखातही कळलं पाहिजे. मी कोल्हापुरात, राजारामपुरीत बसून गेमसाठी पात्रं घडवतो. सध्या मित्रांबरोबर एक छोटा टीम शूटर बनवतोय. त्यातला एक मॅप (म्हणजे खेळायचं मैदान) गुऱ्हाळाचा, दुसरा पन्हाळ्यासारख्या काळ्या दगडी तटाचा, आणि पोशाख सगळे आपल्याकडचे. म्हणून उदाहरणंही तीच देतो. तुमचा गेम वेगळा असला तरी पद्धत हीच चालेल.

सुरुवात कपड्यांपासून करू नका, सांगाड्यापासून करा. सगळ्या स्किनना (म्हणजे पात्राच्या वेगवेगळ्या पोशाखांना) एकच सांगाडा, एकच उंची, डोळ्यांची एकच पातळी, आणि गोळी सुटते ती जागाही एकच. हिटबॉक्स, म्हणजे गोळी लागली असं गेम जिथं धरतो ते अदृश्य साचे, हाडांना बांधायचे, कापडाला कधीच नाही. युनिटी आणि अनरीअल ही गेम बनवायची सॉफ्टवेअर. युनिटीत त्यासाठी हाडांवर कॅप्सूल कोलायडर लावा, अनरीअलमध्ये फिजिक्स अ‍ॅसेट वापरा. हे पक्कं झालं की त्याला कुलूप लावा आणि मगच कपडे शिवायला घ्या. चित्रकार मंडळींना (मीही त्यातलाच) आधी पोशाखच सुचतो, पण तो मोह आवरा.

कोल्हापूर म्हटलं की पहिली मागणी पैलवानाची येते. रुंद खांदे, जाड मान, भरीव मांड्या. आता हिटबॉक्स सगळ्यांचा तोच ठेवून मॉडेल रुंद केलंत, तर दिसणाऱ्या खांद्यातून गोळी आरपार जाणार आणि काहीच होणार नाही. हिटबॉक्सही रुंद केलात, तर पैलवान निवडणारा विनाकारण जास्त मार खाणार. यातून वाट एकच: दिसणारं अंग हिटबॉक्सच्या बाहेर फार तर दोनतीन सेंटिमीटर जाऊ द्या. भारदस्तपणा दाखवायचा तो मानेच्या वळणातून, दंडाच्या रेषेतून, उभं राहण्याच्या ढबीतून. खरोखरच मोठं अंग हवं असेल तर ती स्किन राहत नाही, तो वेगळा क्लास (पात्राचा वेगळा प्रकार) होतो, आणि त्याचा हिशोब आकड्यांत चुकता करावा लागतो. एपेक्स लेजेंड्स या शूटर गेमनं 2019 मध्ये हेच केलं. जिब्राल्टर आणि कॉस्टिक या धिप्पाड पात्रांना बसणारा मार आधी 10 टक्क्यांनी आणि पुढं 15 टक्क्यांनी कमी केला. रेथ, लाइफलाइन, पाथफाइंडर यांचे हिटबॉक्स बारीक, म्हणून त्यांना 5 टक्के जास्त मार लावला.

आता फेटा. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय, कारण हेडशॉटचा (डोक्यात गोळी बसली की जास्त मार) गेम असेल तर डोक्याच्या आसपासचा प्रत्येक इंच महत्त्वाचा. गणित मांडून बघा. 1080 पिक्सेल उंचीचा स्क्रीन आहे आणि आडवं दृष्टिक्षेत्र (डावीकडून उजवीकडं किती दिसतं ते) 90 अंशांचं आहे. 50 मीटरवर उभा असलेला 1.8 मीटर उंचीचा माणूस या स्क्रीनवर जेमतेम 35 पिक्सेलचा दिसतो. त्यातलं डोकं चार-पाच पिक्सेल. आता त्यावर 20 सेंटिमीटरचा ताठ तुरा उभा करा: आणखी चार पिक्सेल. म्हणजे लांबून बघणाऱ्याला डोकं जवळजवळ दुप्पट दिसतं. तो तुऱ्यावर नेम धरतो, गोळी तुऱ्यातून निघून जाते. आमच्याकडं खेळून बघायला येणाऱ्या पोरांपैकी एकाचं पहिलं वाक्य हेच होतं: "दादा, डोक्यातच मारली की! मग मरंना का?" त्याचं बरोबर होतं. डोळ्याला जे डोकं दिसलं, तिथंच त्यानं मारली होती.

म्हणून फेट्याचे पेच कवटीला घट्ट घ्या, म्हणजे डोक्याच्या हिटबॉक्सच्या आत बसतील. तुरा आखूड करून मागं कलता ठेवा, शेमला खांद्यावरून पाठीवर सोडा. शेमल्याला कापडाची हालचाल दिलीत तर तिला मर्यादा घाला. पात्र भिंतीआड लपलेलं असताना शेमला बाहेर फडफडला तर त्याचा ठावठिकाणा फुकट कळतो. लॉबीत (सामन्याआधी खेळाडू थांबतात तिथं) मात्र पूर्ण थाटाचा, तुरेदार फेटा खुशाल दाखवा. तिथं कोणी गोळी घालत नाही. सामन्यातलं मॉडेल आणि लॉबीतलं मॉडेल वेगळं ठेवायला काहीच हरकत नाही, उलट तसंच करा.

आता घोंगडी. तीही घालणाऱ्याला फायदा देते, आणि तोही दोन बाजूंनी. एक तर ती काळी, त्यामुळे काळ्या तटाच्या सावलीत माणूस विरघळून जातो. वॉरझोन या गेममध्ये रोझ या पात्राच्या नखशिखांत काळ्या स्किननं हेच झालं होतं. अंधाऱ्या कोपऱ्यात ती दिसायचीच नाही, आणि 2021 मध्ये ती उजळ करावी लागली. दुसरं, घोंगडी खांदे, कोपर आणि बंदूक झाकते. समोरच्याकडं शॉटगन आहे की स्नायपर, हेच कळलं नाही तर पुढं जायचं की मागं फिरायचं हे ठरवणार कसं? आम्ही घोंगडी ठेवली, पण एका खांद्यावर घडी घालून. छाती आणि दोन्ही हात मोकळे, काठाला पांढरी किनार.

आकृती ओळखता येते का हे तपासायची सोपी युक्ती सांगतो. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सॉलिड व्ह्यू घ्या, लायटिंग फ्लॅट करा, रंग एकच, काळा. मागची पार्श्वभूमी फिकी करा आणि मॉडेल 35 पिक्सेलचं होईपर्यंत लांब न्या. चालताना, बसताना, पळताना अशा तिन्ही पोझ बघा. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघताना वरच्या पायरीवरून नंबर दिसत नसतानाही आपल्या पेठेचा कुठला प्लेअर बॉल घेऊन चाललाय हे पळण्यावरून कळतं ना, तसं कळलं पाहिजे. 2007 च्या टीम फोर्ट्रेस 2 मध्ये नऊ क्लास याच विचारानं घडवले होते. रंगावरून टीम, आकृतीवरून क्लास आणि छातीच्या पातळीवर सगळ्यात ठळक उठाव देऊन हातातलं हत्यार, अशी उतरंड त्यांनी लावली होती. तुमची स्किन यातल्या कुठल्याही पायरीवर बोळा फिरवत असेल तर ती परत टेबलावर घ्या.

रंग तपासताना पोशाख एकटा बघून चालत नाही, मॅपवर उभा करूनच बघायचा. गुऱ्हाळाच्या मॅपला लागून उसाचा फड आहे. तिथं हिरवा सदरा म्हणजे अदृश्य होण्याचा परवानाच. तालमीची तांबडी माती अंगाला लावलेला पैलवान दिसायला देखणा, पण तांबड्या मातीच्या पायवाटेवर आडवा पडला की संपलं. प्रत्येक मॅपवर उजेडात आणि सावलीत स्क्रीनशॉट काढा, क्रिटा किंवा गिंप अशा चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग काढून टाका, आणि राखाडी चित्रात माणूस मागच्या भिंतीहून वेगळा दिसतो का बघा. दिसत नसेल तर कडेला पुसट उजेडाची रेघ द्या, किंवा खांदे आणि डोक्याभोवतीचा भाग उजळ करा. काउंटर-स्ट्राइक या गेममध्ये 2019 ला एजंट स्किन (पात्रांचे नवे पोशाख) आल्या, काही पार्श्वभूमीत मिसळतात अशी ओरड झाली, आणि पुढं खेळाडूंचा उठाव वाढवणारी सेटिंग द्यावी लागली. टीमचे रंग लाल-हिरवे ठेवू नका. त्या दोन रंगांत गल्लत होणारी माणसं तुमच्या-माझ्या ओळखीत असतातच. निळा-नारिंगी घ्या, आणि शत्रूच्या कडेचा रंग बदलायची सोय द्या, व्हॅलोरंट हा गेम देतो तशी.

आवाज तर बहुतेक जण विसरतातच. कोल्हापुरी चप्पल करकरते, तिचा तोच तोरा. पण शूटरमध्ये पावलांचा आवाज म्हणजे बातमी. करकरीमुळं लांबूनच चाहूल लागली तर चप्पल घालणारा मरतो, आणि अनवाणी स्किन मुकाट पावलांची केलीत तर सगळे अनवाणीच फिरतील. पावलांचा आवाज जमिनीवरून ठरवा, पायातल्यावरून नाही. करकर लॉबीत ऐकवा, जिंकल्यावरच्या पोझमध्ये ऐकवा. तसंच घुंगरू, तोडे, कमरेच्या साखळ्यांचं.

हे सगळं झाल्यावर खेळवून बघा, पण पोरांना स्किन निवडू देऊ नका. चांगला खेळणारा एखादी स्किन धरून बसतो आणि आकडे बघून वाटतं की स्किनच जबरी आहे. प्रत्येक राउंडला स्किन यंत्रानं चिठ्ठी काढून वाटाव्यात. मग नोंदवा: समोर आल्यापासून पहिली गोळी बसायला किती वेळ लागला, आणि किती गोळ्या डोक्याच्या जवळून वाया गेल्या. मरणं-मारणं मोजण्यापेक्षा यातून लवकर उलगडा होतो.

शेवटी एक स्विच द्याच: "समोरच्या टीमला साध्या पोशाखात दाखवा". 1999 च्या क्वेक 3 या गेममध्येही सगळ्यांवर एकच मॉडेल सक्तीनं लावायची सोय होती. स्किन विकत घेणाऱ्याला ती स्वतःला दिसते, त्याच्या टीमला दिसते, निकालाच्या पडद्यावर सगळ्यांना दिसते. त्याचं काही जात नाही. स्पर्धेच्या रूममध्ये हा स्विच आपोआप चालू राहू द्या.

आणि स्किनला ताकद जोडू नका, अगदी एक टक्कासुद्धा. फ्री फायर या मोबाइल गेममध्ये बंदुकीच्या स्किनना डॅमेज (मार), फायर रेट (गोळ्या सुटण्याचा वेग) असे गुण जोडलेले असतात, म्हणून आपल्याकडं कुणीही कस्टम रूम (आपसातला खासगी सामना) लावली की नियमांत "गन अ‍ॅट्रिब्यूट बंद" असं लिहावं लागतं. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्या पोराला समान संधी फक्त त्या एका ओळीमुळं मिळते. तुमचा गेम बनवताना ती ओळ लिहायची वेळच येऊ देऊ नका. विकलेली एखादी स्किन पुढं फायद्याची निघाली तर ती काढून घेऊ नका, पैसे मोजलेत त्यांनी. रंग उजळा, किनार वाढवा, आणि काय बदललं ते अपडेटच्या टिपणीत स्किनच्या नावानिशी लिहा.